दादाला सांगू नकोस

"ही लेन्स घेऊन तुम्ही खेळाचे फोटो काढणार?" दुकानदाराने बाबांची लेन्स ट्यूबलाइटकडे धरून आतून पाहिली. "काच छान ठेवलीय. पण ही वाढदिवसाची लेन्स हो. केक, टोप्या, फुगे. पोरं पळायला लागली की ही बिचारी मागेच राहणार."

"माझ्या वडिलांनी हिच्यानेच काढलेत."

"मग ते पोरांच्या बरोबरीने पळत असतील."

त्याने ते सहज म्हटलं होतं. मी हसलेही. जुन्या कॅमेऱ्यांचं ते दुकान एखाद्या बोळासारखं लांबट होतं, आणि दुकानदाराची जीभही. गिऱ्हाइकाला नाउमेद करून मग हवं ते विकायचं, ही त्याची रीत मला दोन खेपांत कळली होती.

माझी मुलगी चौदा वर्षांखालच्या गटात अडथळ्यांची शर्यत पळते. फोनवर काढलेल्या प्रत्येक फोटोत ती एक तर ठिपका असते नाही तर फराटा. नवा, बऱ्यापैकी कॅमेरा आमच्या आवाक्यातला नव्हता. जुना चालणार होता, ओरखड्यांचाही चालणार होता. अट एकच होती, बाबांची लेन्स त्यावर बसली पाहिजे. बाबा जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, कधीचीच अडकली होती आणि ती दुरुस्त करणारा आता कोणी उरला नव्हता. लेन्स मात्र ठणठणीत होती. आईने वस्तू वाटल्या तेव्हा दादाने घड्याळ घेतलं, मी लेन्स मागितली. का, ते कुणी विचारलं नाही.

दुकानदाराने दोन कॅमेरे काढून ठेवले. एक हलका, हौशी माणसाचा, पण त्यावर लेन्स बसवायला मधे एक कडी लागणार होती. दुसरा चांगलाच जड, लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा तरी, हाताच्या घामाने कडा गुळगुळीत झालेला. लेन्स त्याच्यावर टक्कन बसली.

"बसली खरी," दुकानदार म्हणाला, "पण नेम तुम्हालाच धरावा लागेल. कॅमेरा आपणहून काही करणार नाही."

"जागा धरायची आणि थांबायचं," मी म्हणाले. हे बाबांचं वाक्य. पळणाऱ्याच्या मागे लागायचं नाही. तो जिथे येणार ती जागा आधी स्पष्ट करून ठेवायची आणि बटणावर बोट ठेवून गप्प राहायचं.

"बरोबर आहे. पण जागा लांब असेल तर?" त्याने एक बोजड झूम लेन्स माझ्यापुढे सरकवली. "खेळासाठी तुम्हाला ही लागणार. आता नाही म्हणाल. हा जड कॅमेरा आणि ही, दोन्ही घेऊन जा, मैदानावर वापरून बघा आणि सोमवारी काय ते सांगा."

मी झूम पिशवीत टाकली ती त्याचं मन राखायला.

बाबा एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होते. रिमच्या रिम एका घावात सरळ कापायच्या आणि कडेवर बोट फिरवून पाहायचं, हे त्यांचं रोजचं काम. घरीही तीच सवय. सफरचंदाचे दोन भाग असे करायचे की दादाला आणि मला भांडायला जागा उरत नसे. दादाला नवे बूट तर मलाही, माझे फाटलेले नसले तरी. "आमच्या घरी तराजू आहे," आई म्हणायची, "आणि तो पँट घालतो."

अशा माणसाकडून मला एकदाच, आयुष्यात एकदाच, झुकतं माप मिळालं होतं.

मी शाळेत असताना चारशे मीटर पळायचे. दादा फुटबॉलमध्ये गोलकीपर. एका वर्षी माझी अंतिम शर्यत आणि त्याचा अंतिम सामना एकाच दुपारी आला, शहराच्या दोन टोकांच्या मैदानांवर. आईची टेलिफोन ऑफिसात पाळी होती. बाबा म्हणाले, छापखान्यात परीक्षेच्या पेपरांचं तातडीचं काम आहे, कुणाकडेच येता येणार नाही. आम्ही दोघंही रुसलो, सारखेच. मी तिसरी आले. दादाचा संघ हरला.

काही दिवसांनी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं आणि शर्टाच्या आतून एक फोटो काढून दिला. मी होते. छाती पुढे, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताठ. मागे दोन मुली आणि त्यांच्या मागे प्रेक्षकांचा नुसता धुरकट रंग. "आलो होतो मी," बाबा म्हणाले. "जिन्याखाली, घड्याळाच्या खांबाशी उभा होतो. दादाला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

मी सांगितलं नाही. फोटो शब्दकोशात ठेवला, आणि तो शब्दकोश प्रत्येक बिऱ्हाडात माझ्याबरोबर आला. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे रोज तो उघडावा लागतो. बाबा माझ्या पदवीदान समारंभाला यायला विसरले तेव्हा, नोकरी लागल्यावर नुसतंच "बरं" म्हणाले तेव्हा, शेवटच्या आजारात मला ओळखेनासे झाले तेव्हाही मी तो फोटो पाहिला. जगात एकच माणूस होता ज्याने तराजू बाजूला ठेवून मला निवडलं होतं. दादाशी मी कायम मऊ वागले. तो चिडला तरी मी उलट बोलत नसे. बिचाऱ्याला माहीत नाही, असं मनात येई.

शनिवारी सराव स्पर्धा होती, त्याच जुन्या मैदानावर. नवी रबरी धावपट्टी आणि नवे दिवे सोडले तर बाकी काही बदललेलं नाही. जिना आहे, घड्याळाचा खांब आहे, घड्याळ बंद आहे. पालकांना कठड्याच्या आत जाऊ देत नाहीत. तेव्हाही देत नव्हते. मी मुद्दाम खांबाशी जाऊन उभी राहिले. बाबांची लेन्स लावली. शेवटची रेघ धरली आणि थांबले.

मुली आल्या. मी बटण दाबलं आणि पडद्यावर पाहिलं. काड्यापेटीतल्या काड्या असाव्यात तशा मुली, कडेने दिसणाऱ्या. माझी कुठली ते शोधावं लागलं.

मला वाटलं, माझंच चुकलं असेल. दुसऱ्या फेरीत पुन्हा काढला. तिसऱ्या फेरीत कठड्यावर वाकून काढला. एका पंचाने हटकलं. मग मी पायरीवर बसले, निघताना पर्समध्ये घातलेला शब्दकोशातला फोटो काढला आणि छापखान्यातल्या माणसाच्या मुलीने पाहावा तसा पाहिला. मोठा करून कापलेला नव्हता; तसं असतं तर चित्र फुटून दाणेदार झालं असतं आणि इथे तर कपाळावर चिकटलेला केस न् केस मोजता येत होता. दुसरं म्हणजे, खांबाशी उभ्या राहिलेल्या माणसाला पळणाऱ्या मुलीची बाजू दिसते. फोटोत मी समोरून येत होते. समोर, रेघेच्या पलीकडे, दोरी बांधलेली असते आणि तिथे फक्त पंच आणि पास असलेले फोटोवाले उभे असतात.

मी पिशवीतून झूम काढून कॅमेऱ्यावर चढवली. पुढच्या शर्यतीतल्या एका परक्या मुलीचा चेहरा मला हवा तेवढा मोठा मिळाला, मागची माणसं अगदी तशीच धुरकट झाली. बाबांकडे अशी लेन्स कधीच नव्हती.

"आई, मी दुसरी आले," मुलगी धापा टाकत कठड्याशी आली. "मिळाला का फोटो?"

"मिळाला," मी म्हणाले. काड्यापेटी दाखवली. ती म्हणाली, "यात मी कुठेय?"

तिला घरी सोडून मी दादाच्या दुकानात गेले. त्याचं टायरचं दुकान आहे. पुढ्यात पाण्याची घंगाळासारखी टाकी, भिंतीला माणसाच्या उंचीपर्यंत रचलेली टायरं, सगळीकडे रबराचा वास. दादा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता.

"काय गं बारके, आज वाट चुकलीस? गाडी बसली वाटतं."

"गाडी ठीक आहे. बाबा माझ्या शर्यतीला आले नव्हते, दादा."

"कुठल्या?"

"तू हरलास त्या दिवशीच्या."

"कुणीच आलं नव्हतं. छापखान्यात पेपर होते ना." त्याने ट्यूब फिरवली. बुडबुडा आला, त्याने तिथे खडूने फुली केली. "एवढ्यासाठी आलीस?"

मी फोटो पुढे केला. त्याने हात पुसले, चिंधीने, मग पँटला, मग पुन्हा चिंधीने. फोटो कडेने धरला. बराच वेळ पाहिला.

"काय म्हणाले होते?"

"जिन्याखाली उभा होतो म्हणाले."

"आणि?"

"दादाला सांगू नकोस म्हणाले. त्याला वाईट वाटेल."

दादा हसला. चांगलं हसू नव्हतं ते. त्याने गल्ल्याचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि त्याच्या तळाशी घातलेल्या पुठ्ठ्याखालून एक फोटो काढला. हवेत आडवा झालेला मुलगा, पाठमोरा, पाठीवर आकडा. पुढे जाळीच्या चौकटी पुसट झालेल्या.

"गोलच्या मागे उभा होतो म्हणाले," दादा म्हणाला. "बारकीला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

टाकीतलं पाणी अजून हलत होतं. मी त्याचा फोटो घेतला आणि मला नको असलेली गोष्ट लगेच दिसली. गोलच्या मागे जाळीला चिकटून कुणीही उभं राहू शकतं. दोन-चार पावलांवरचा मुलगा बाबांच्या लेन्समध्ये एवढाच दिसला असता. अगदी एवढाच.

"तुझा खरा आहे," मी म्हणाले.

"आहेच खरा."

"तुला माहीत होतं?"

"माझ्याकडे आले म्हणजे तुझ्याकडे नाही गेले, एवढं कळत होतं." तो स्टुलावर बसला. त्याच्या बोलण्यात एकदम नरमाई आली, आणि ती नरमाई मी ओळखली. इतकी वर्षं मी त्याच्याशी त्याच आवाजात बोलत होते. "तुझ्या हातातही असा एक कागद असेल, हे कुठे माहीत होतं. म्हटलं, बिचारीला माहीत नाही. जाऊ दे."

"म्हणून दवाखान्यात आला नाहीस?"

"आलो की."

"दोनदा. उभ्या उभ्या."

त्याने खडू हातात घेतला, ठेवला. "तू बसायचीस ना रोज. मला वाटायचं, तिला बसू दे. तिचं राहिलंय, तिला मिळवू दे. माझं त्यांच्याशी पुरं झालं होतं, बारके."

मी दवाखान्यात बसत होते ते मला मिळालं होतं म्हणून. ते मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं. त्याला ते आता नुसतंच हास्यास्पद वाटलं असतं, आणि ते होतंच.

निघताना तो म्हणाला, "आईला विचार. त्या दिवशी मॅचहून बाबा घरी आले तेव्हा कसे होते, ते तिला आठवत असेल. मला ऐकायचंय." मग जरा थांबून, "मी विचारलं तर बरं नाही दिसणार."

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसले, मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि दोन्ही फोटोंबद्दल विचारलं. तिचा हात थांबला नाही.

"कळलं का शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, लग्नानंतर कधीतरी एकमेकांना सांगाल. तुमच्या पोटात एवढं राहतं हे माहीत नव्हतं."

"दादाच्या मॅचला गेले होते ना ते?"

"कुठं गेला होता. त्याला सुट्टीच होती त्या दिवशी. पेपरबिपर काही नव्हतं. तुम्हाला सांगितलं काम आहे आणि मला म्हणाला, गुपचूप जातो, बघतो, येतो. कॅमेरा घेऊन निघाला. आधी कुणाकडे जावं हे काही ठरेना. थांब्यावर उभा राहिला. तुझ्याकडची बस आली, गेली. दादाकडची आली, गेली. एकाकडे गेलो तर दुसऱ्यावर अन्याय होईल म्हणे. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर हा बूट घालून खाटेवर बसलेला. रीळ कोरं."

"दिवसभर थांब्यावर?"

"मधे चहाच्या टपरीवर बसला असेल. मी काय खोदून विचारलं नाही."

"आणि हे फोटो?"

"शाळांच्या वार्षिक अंकाचे फोटो काढायचा ना एक जण, आमच्या ऑफिसाखाली स्टुडिओ होता त्याचा. त्याच्याकडे दोन्ही होते. मीच आणले."

"म्हणजे फोटोवाला दोन्हीकडे पोचला."

"त्याचं तिथं कोणी नव्हतं," आई म्हणाली. "त्याला अर्ध्यातून उठायला काय."

मी शेंग उघडली. आत दाणे नव्हते. "सांगू नकोस म्हणायचं कुणी ठरवलं?"

"ते त्याचंच. फोटो नुसते द्यायचे होते. पण तू गॅलरीत फोटो बघून अशी काही फुललीस म्हणे, की त्याच्या तोंडून निघून गेलं, आलो होतो मी. एकदा तुला म्हटल्यावर दादालाही म्हणणं आलं. सारखं नको का व्हायला."

"सारखं," मी म्हणाले.

"आता तोंड पाडून बसू नकोस. इतकी वर्षं दोघंही खुशीत होतात. एकेकट्याला वाटत होतं, आपण लाडके. कुठल्या बापाला जमतं हे?" तिने टरफलं गोळा केली. "तोच बापडा काही खुशीत नव्हता. कॅमेरा पुन्हा हातात धरला नाही त्याने. झडप अडकली म्हणायचा. कुणी बघितली होती उघडून?"

मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. आईची तीच अपेक्षा होती, आणि एखाद्या पुस्तकात हे वाचलं असतं तर वाटलंही असतं: दोन बस सोडून देणारा, बूट घालून खाटेवर बसलेला माणूस. पण मी पुस्तकात नव्हते. मी त्यांच्या उशाशी बसून, ते डोळे मिटून असताना, त्यांच्या कानात म्हणाले होते, तुम्ही आला होतात ते मी कुणाला सांगितलं नाही हं. ते ऐकू गेलं होतं की नाही माहीत नाही. गेलं असेल तर शेवटच्या घटकेलाही ते गप्प राहिले.

रविवारी खरी स्पर्धा होती. दादा दुकान बंद करून आला, जे तो कधी करत नाही. भाचीला तो आगगाडी म्हणतो. "आगगाडी, आज सिग्नलला थांबायचं नाही," असं सांगून त्याने तिला मैदानात पाठवलं आणि माझ्या शेजारी कठड्याशी येऊन उभा राहिला. दुकानदाराला मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं: जड कॅमेरा ठेवते आणि झूमही. "आणि वडिलांची लेन्स?" त्याने विचारलं होतं. "मी घेऊ का विकायला?" बघू म्हणाले. ती घरी, कपाटात होती.

मी शेवटचा अडथळा धरला. लाकडी पट्टीवरचा रंगाचा पोपडादेखील दिसत होता. तिकडे मुली आपापल्या रेषेत वाकल्या.

"आईला विचारलंस?" दादाने माझ्याकडे न बघता विचारलं.

"विचारलं."

"मग?"

त्याची वाटणी त्याला द्यायची तर आत्ताच. अर्धं त्याचंच होतं. मी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. दादाचा श्वास कानाशी ऐकू येत होता, पायऱ्या चढून आल्यासारखा, आणि तो पायऱ्या चढून आलेला नव्हता.

"म्हणाली, तुझ्या मॅचहून आले तेव्हा बाबांचा घसा बसला होता," मी म्हणाले. "ओरडून ओरडून."



"हो ना," दादा म्हणाला. "मला ऐकू येत होता ना त्यांचा आवाज. मागून. डावीकडे, डावीकडे म्हणत होते."

पिस्तुलाचा आवाज झाला. मुली निघाल्या.

"वाईट वाटून घेऊ नकोस, बारके," दादा म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. टायरं उचलून उचलून जड झालेला हात. चौकट खाली गेली. अडथळा दिसेनासा झाला, गवत दिसायला लागलं.

"हात काढ, दादा," मी म्हणाले. "हलतंय."